बाहेरचं सल्लागार मंडळ विद्यार्थ्याच्या कामाचं असतं का?

प्रश्न : सर, मी डिचोलीची. एम.ई. झाल्यावर गंजरोधक लेपांवर पीएचडी करायची आहे. ज्या विभागात मुलाखत आहे, त्यांच्या माहितीपत्रकात 'बाह्य सल्लागार मंडळ' म्हणून कारखान्यांतल्या आणि इतर संस्थांतल्या लोकांची नावं आहेत. मला त्यांचा काही उपयोग, की ती नावं मान्यतेच्या फायलीपुरतीच? – एक विद्यार्थिनी

उत्तर : उपयोग होतो, पण गाईड आणि विभागप्रमुख खोलीत नसताना मंडळाला तुम्हा मुलांशी बोलता येत असेल तरच. मुलाखतीत हेच विचार.

तुझ्या कामाची प्रगती पाहणारी समिती वेगळी. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे विद्यापीठात दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहावं लागतं आणि तिचे निमंत्रक तुझे गाईडच असतात. प्रबंधाला बाहेरचे किमान दोन परीक्षक असतात, तेही वेगळे. बाह्य मंडळ तुला पास-नापास करत नाही. विषय कसे निवडले जातात, यंत्रं चालू आहेत का, मुलं कुठे अडकतात, असा सगळ्या कार्यक्रमाचा विचार ते करतं. ब्रिटनमध्ये अभियांत्रिकी संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या ईपीएसआरसीच्या चार वर्षांच्या डॉक्टरल केंद्रांतही अशी मंडळं असतात.

मी वास्कोला जहाजबांधणीत होतो आणि निवृत्तीनंतर अशा एका मंडळावर बसलो. तिथे एक मुलगा खनिजवाहू बार्जच्या, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू नौकेच्या, पत्र्यावरचे लेप तपासत होता. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम समुद्रपाण्याची क्षारता त्याने कायम खुल्या समुद्राइतकी, म्हणजे हजारी ३५, ठेवली होती. मंडळावर नदीकाठी बार्ज दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "आणि पावसाळ्यात?" मांडवी आणि जुवारीचं पाणी जून-जुलैत आतल्या भागात जवळजवळ गोडं होतं आणि उन्हाळ्यात पुन्हा खारं. पत्रा दोन्ही सोसतो. प्रयोगाची आखणी बदलली, आणि त्या गृहस्थांनी बार्जचे कापलेले जुने तुकडेही तपासायला दिले. गोदीत पत्रे खरवडून घेणाऱ्या माणसाला बैठकीत मान असला, तरच हे घडतं. गोव्यात अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही : दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ), वास्कोत शिपयार्ड आणि ध्रुवीय संशोधन केंद्र. इथल्या विभागाच्या मंडळावर फक्त परराज्यांतले प्राध्यापक दिसले, तर कारण विचारायला लाजू नकोस.

आमच्या त्या बैठकीचा बाकी वेळ सादरीकरणं आणि जेवणात गेला. शेवटचा अर्धा तास मात्र आम्ही फक्त मुलांबरोबर बसलो, आणि तेव्हा कळलं की चाचणीचं मुख्य यंत्र एकाच प्राध्यापकांच्या कुलपात असतं आणि फेलोशिप महिनोन्महिने येत नाही. गाईडसमोर हे कुठलं पोर बोलणार? आम्ही नावं न घेता ते अहवालात लिहिलं. पुढच्या बैठकीत त्यावर विभागाचं लेखी उत्तर आधी वाचायचं, असाही आग्रह धरला. म्हणून मुलाखतीत मंडळाच्या मागच्या अहवालावर काय कारवाई झाली, तेही विचार. तो कागद दाखवायला खळखळ झाली, तर जुन्या विद्यार्थ्यांना गाठ.

आणखी एक. तुझे लेप पेटंटच्या लायक निघू शकतात. मंडळावर रंग बनवणाऱ्या कंपनीचा माणूस असेल, तर गोपनीयतेचा करार झाल्याशिवाय मिश्रणाचं प्रमाण स्लाइडवर घालू नकोस. खुल्या पोस्टरवर तर पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत अजिबात नको. एकदा जाहीर झालं की नावीन्याचा दावा अडचणीत येतो.