कॅल्साइट : रूपं अनेक, कोन ठरलेले

प्रश्न : माझ्याकडे कॅल्साइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचे) तीन नमुने आहेत. एक सुळ्यासारखा टोकदार, दुसरा खिळ्याच्या डोक्यासारखा, तिसरा तिरका पारदर्शक ठोकळा. खनिज एकच असताना आकार इतके निराळे कसे?

उत्तर : तिन्हींतली अणुरचना एकच आहे. फरक पडतो तो कोणतं पृष्ठ (स्फटिकाची सपाट बाजू) किती वेगाने वाढलं याने, आणि इथे हिशोब उलटा आहे. भराभर वाढणारं पृष्ठ आक्रसत जाऊन नाहीसं होतं आणि सावकाश वाढणारं मोठं होऊन शेवटी दिसतं. द्रावणाचं तापमान, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेटचं प्रमाण आणि मॅग्नेशियमसारखी भेसळ यांवर हा वेग ठरतो. मॅग्नेशियम काही पृष्ठांवर जास्त चिकटतं आणि त्यांची वाढ रोखतं. सुळ्याला १२ विषमभुज त्रिकोणी पृष्ठं असतात. खिळ्यात षट्कोनी खांबावर तीनच पृष्ठांचं बसकं छप्पर असतं.

तिसरा नमुना मात्र बहुधा वाढलेला स्फटिक नाही, फुटलेला तुकडा आहे. कॅल्साइट तीन दिशांनी अगदी गुळगुळीत फुटतं आणि ठोकळाच हाती येतो. विकताना त्यालाही सर्रास ‘स्फटिक’ म्हणतात. ठोकळ्याच्या बाजूंवर बारीक पायऱ्या आणि आत बाजूंना समांतर चिरा असतील, तर तो फुटलेलाच समजा. वाढलेल्या पृष्ठावर सहसा वाढीच्या रेषा किंवा उंचवटे दिसतात.

प्रश्न : कोन मोजून खात्री करता येते का? मी कोनमापक ठोकळ्याच्या बाजूवर ठेवला, तर १०२ अंश आले. पुस्तकात १०५ आहेत.

उत्तर : तुमचं माप बरोबर आहे, फक्त कोन दुसरा मोजलात. एका बाजूच्या चौकोनाचे कोपरे सुमारे ७८ आणि १०२ अंशांचे असतात. पुस्तकातले ७५ आणि १०५ हे शेजारच्या दोन पृष्ठांमधले कोन. ते मोजायला कोनमापकाच्या मध्यबिंदूवर टाचणीने प्लॅस्टिकची सरळ पट्टी फिरती बसवा. कोनमापकाची सरळ कड एका पृष्ठावर आणि पट्टी दुसऱ्यावर टेकवा, मात्र दोन्ही मधल्या कडेला काटकोनात असायला हव्यात. जरा तिरपं धरलं की आकडा चुकतो. तीनदा मोजून सरासरी घ्या. या साधनाने एखाद्या अंशाची चूक होणारच.

सुळ्यावर, टोकाकडे जाणाऱ्या कडांवर, सुमारे १०४.५ आणि १४४.५ अंश आळीपाळीने येतात. म्हणजे एक कड धारदार, पुढची बोथट. बोट फिरवलं तरी हे जाणवतं.

स्फटिक लहान असो वा वेडावाकडा, त्याच पृष्ठांमधला कोन तोच राहतो, हे डेन्मार्कचा शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडलं. कॅल्साइटमधून एका रेषेच्या दोन दिसतात, हे डेन्मार्कचाच शास्त्रज्ञ रास्मुस बार्थोलिन याने जाहीर केलं तेही त्याच वर्षी. तुमचा ठोकळा कागदावरच्या ठिपक्यावर ठेवून फिरवा : एक ठिपका जागच्या जागी राहील, दुसरा त्याच्याभोवती फिरेल.

प्रश्न : टोकदार स्फटिक क्वार्ट्झ की कॅल्साइट?

उत्तर : काचेवर ओरखडा काढून पाहा. खनिजांची कठिनता १ ते १० अशा मोज श्रेणीत मोजतात. क्वार्ट्झची कठिनता ७, त्याने काच ओरखडते. कॅल्साइटची ३, त्याने नाही. चाचणी खालच्या तुटक्या बाजूने करा, टोकाने नको.

प्रश्न : तपकिरी डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरू का?

उत्तर : नको. क्वार्ट्झला ते चालतं, कॅल्साइटवर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसतो आणि चकाकी जाते. व्हिनेगरनेही पृष्ठं झिजतात. खोलीच्या तापमानाचं पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. गरम पाण्यातून गारात टाकलं, तर स्फटिक आतून चिरतो. अल्ट्रासॉनिक यंत्रही टाळा, त्या कंपनांनी आधीच्या चिरा उघडतात. मग उरलेला डाग तसाच राहू द्या.