एसएसबीला निघण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

एसएसबीचं, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं बोलावणं आल्याचं कळलं, फार आनंद झाला. आदर्श कोण असं विचारलं तर परमवीर चक्रवाल्यांपैकी कुणाचं नाव घेऊ, असं तू विचारलं आहेस. नाव कुणाचंही घे, पण आधी त्यांचं प्रशस्तिपत्र वाच. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मजकूर बाजूला ठेव. पदकाबरोबरचा सरकारी मजकूर कोरडा असतो, म्हणूनच तो कामाचा.

रामा राघोबा राणे यांच्यापासून सुरुवात कर. (मी स्वतः सॅपर, म्हणजे लष्करातला इंजिनिअर, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाल.) कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये, पाकिस्तानशी काश्मीरचं युद्ध चालू असताना, जम्मूतला नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याचं काम त्यांच्या तुकडीवर आलं.

त्यांचं प्रशस्तिपत्र सांगतं: ८ एप्रिल, सकाळचे ११. सुरुंग काढायला सुरुवात होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार, राणेंसह पाच जखमी. त्यांनी उरलेल्यांना सावरलं आणि कामाला लागले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची टेकडी ताब्यात आली. तिथून रात्री १० पर्यंत, शत्रूच्या डोळ्यांदेखत, रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणणं चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी ३ पुन्हा तेच. मग रस्त्यात आडवे पाडलेले पाइन वृक्ष सुरुंग लावून उडवले. तीनशे यार्डांवर परत झाडं. पुढे उद्ध्वस्त केलेली मोरी, तिला वळसा. सव्वासहाला पाच प्रचंड झाडांचा अडसर, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. अंधारामुळे थांबावं लागलं. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा हात घातला, साडेसहाला तो अडसर निघाला. ११ तारखेला वाटेवरच्या चिंगस गावापर्यंतचा रस्ता खुला झाला, तरी रात्री १० पर्यंत ते पुढचा रस्ता साफ करतच होते.

मुकादमाच्या हजेरीवहीसारखं वाटतं हे वाचताना, नाही? राणेंनी कुणाला मारलं, असा एक शब्द त्यात नाही. त्यांचं धाडस वेळेच्या नोंदींतच आहे.

दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत कंपनी रनर, म्हणजे निरोप्या. एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन जखमींना त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत जाऊन एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे बंद केले. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

आता थोडं कडू. पदक मिळायला शौर्य लागतं, तसा ते पाहणारा आणि नीट लिहून वर पाठवणाराही लागतो. ज्यांच्या भोवतालचे सगळेच पडले, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार? राणेंच्या तुकडीतले ते दोन जवान प्रशस्तिपत्रात फक्त 'दोन' आहेत. म्हणून 'मलाही परमवीर मिळवायचं आहे' असं मुलाखतीत चुकूनही म्हणू नकोस. समोरचा अधिकारी हसणार नाही, पण मनात नोंद करेल.

तू अधिकारी झालास तर जवानांसाठी शिफारस लिहिण्याची वेळ तुझ्यावर येईल. त्याचा सराव आजपासून कर. रोज पाहिलेली एखादी घटना दहा ओळींत लिही. किती वाजता, कुठे, कुणी काय केलं, एवढंच. 'अतुलनीय', 'अदम्य' हे शब्द वर्ज्य. चार-पाच लिहून झाल्यावर मला पाठव, लाल पेन तयार ठेवतो.

आणि हो, मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेव, ट्रंकेत नको.

तुझा,
सुभेदारकाका