पेनसिल्व्हेनियाचं कन्सील्ड कॅरी परमिट (पिस्तूल लपवून सोबत बाळगायचा परवाना) आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनला मित्राकडे जाताना पिस्तूल सोबत नेलं तर चालेल का?

नाही, अजिबात नेऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्ससारखं ते सगळीकडे चालत नाही, कुठल्या राज्याने कुणाचं परमिट मानायचं ते ज्याचं तो ठरवतो आणि न्यू जर्सी बाहेरचं कुठलंच परमिट मानत नाही. तिथे परमिटशिवाय हँडगन जवळ सापडली तर 5 ते 10 वर्षांची शिक्षा आहे आणि त्यात साधारण साडेतीन वर्षं पॅरोलच नाही. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्याच एका बाईंनी साध्या ट्रॅफिक स्टॉपला पोलिसांना स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे गन आहे, परमिटही आहे, तरी अटक झाली, शेवटी 2015 मध्ये गव्हर्नरने माफी दिली.

न्यू जर्सीतून फक्त पुढे न्यू हॅम्पशायरला वगैरे जायचं असेल तर तशी सूट देणारा 1986 चा फेडरल (म्हणजे देशभर लागू असणारा) कायदा आहे, पण त्यासाठी निघताना आणि पोचल्यावर दोन्हीकडे गन बाळगणं कायदेशीर हवं, गन अनलोडेड, गोळ्यांसकट डिकीत, आणि डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत, ग्लोव्ह कंपार्टमेंट चालत नाही. वाटेत मुक्काम पण करू नका, तिथेच लोक अडकतात.

अजून एक, हे आपल्या लोकांना फार कमी माहिती असतं, तुम्ही एच-वन बी (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वर असाल तर शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर गन बाळगणंच फेडरल गुन्हा आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. निघायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या पोलिसांची साइट बघा प्लीज.