घर लहान, वाफा तयार : भाजीची रोपे कुठे वाढवावीत?

प्रश्न : आमचे वन-रूम-किचनचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि घरात चार माणसे आहेत. इमारतीमागची १५ फूट लांब आणि ८ फूट रुंद जागा भाजीपाल्यासाठी वापरायला सोसायटीने यंदा परवानगी दिली आहे. सध्या तिथे सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत ऊन असते. मी जे व्हिडिओ पाहिले त्यांत रोपे आधी घरात, दिव्याखाली, उबदार जागी सहा ते आठ आठवडे वाढवायला सांगतात. आमच्याकडे पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलखेरीज जागा नाही आणि तिथेही कबुतरांचा उपद्रव आहे. अशा स्थितीत काय करावे?
— एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : बाग अवश्य सुरू करा. तुम्ही पाहिलेला सल्ला चुकीचा नाही. तो थंड देशांतल्या लोकांसाठी आहे. तिथे उन्हाळा आखूड असतो, आणि टोमॅटोचे बी उगवण्याइतकी माती तापेपर्यंत थांबले तर फळे पिकण्याआधीच पुन्हा थंडी येऊन ठेपते, म्हणून तिथले लोक दोन महिने आधी घरात दिवे लावून रोपे तयार करतात. मुंबईत ऊब फुकट मिळते. सप्टेंबरमध्ये आपल्याकडे टोमॅटोचे बी पाचव्या-सहाव्या दिवशी, वांग्याचे आठवडाभरात आणि मिरचीचे आठ ते बारा दिवसांत उगवते. इथे रोपांना जपायचे ते दोन गोष्टींपासून : परतीच्या पावसाचा मारा आणि अपुरा उजेड. यांतली पहिली अडचण डोक्यावरच्या साध्या आडोशाने सुटते आणि दुसरी घराबाहेर गेल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे रोपांची योग्य जागा तुमच्या घरात नसून त्या १५ बाय ८ फुटांतच आहे.

त्याआधी हे पाहायला हवे, की रोपे करावी लागतात अशा भाज्या मुळात थोड्याच आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी मिरची, कांदा, कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल एवढीच नावे त्यांत प्रामुख्याने येतात. भेंडी, गवार, चवळी, घेवडा, वाल, मुळा, गाजर, बीट, पालक, मेथी, लाल माठ, कोथिंबीर ही सगळी पिके थेट वाफ्यात पेरायची असतात. मुळा-गाजराचे रोप उपटून लावले तर कंद वेडावाकडा होतो आणि भेंडीच्या सोटमुळाला धक्का बसला की झाड बराच काळ हिरमुसलेले राहते. लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला पालक, माठ आणि भेंडीचे जे वाफे दिसतात, ते असेच थेट पेरलेले असतात. काकडी, दुधी, शिराळी, कारली यांनाही मुळे हलवलेली सोसत नाहीत, म्हणून त्यांचे बी रात्रभर भिजवून आळ्यातच टोकावे. कोबी आणि फ्लॉवर पहिल्या वर्षी लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे : एकेक झाड दीड फूट जागा अडीच-तीन महिने अडवते, त्यातून एकच गड्डा मिळतो, आणि फ्लॉवरला हवी तशी थंडी मुंबईत फार थोडे दिवस पडते.

राहिली टोमॅटो, वांगी आणि मिरची. चार माणसांच्या घराला टोमॅटोची आठ, वांग्याची चार आणि मिरचीची सहा झाडे पुरतात. टोमॅटोला दोन बाय दीड फूट, वांग्याला दोन बाय दोन फूट आणि मिरचीला दीड बाय दीड फूट अंतर दिले तर या १८ झाडांना मिळून सुमारे ५४ चौरस फूट जागा लागते. तुमची जागा १२० चौरस फूट आहे. दीड फुटाची पायवाट सोडली तर साधारण ९७ चौरस फूट उरते, म्हणजे अर्ध्याहून थोडा जास्त भाग या तिन्हींकडे जाईल आणि बाकीच्यात थेट पेरायच्या भाज्या बसतील. काही रोपे मरणार हे धरून तुम्हाला सगळी मिळून २८ ते ३० रोपे करायची आहेत. रोपवाटिकेत वापरतात त्या ९८ कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेचे चार रांगांचे तुकडे कापले, तर एका तुकड्यात २८ कप्पे येतात आणि तो तुकडा लांबीला सुमारे २७ आणि रुंदीला १५ सेंटिमीटर भरतो. एवढा तुकडा एखाद्या जाड वहीपेक्षा मोठा नसतो. जागा नाही ही तुमची चिंता खरे तर एवढ्याशा आकाराबद्दल आहे, हे ध्यानात घेतले की पुढची आखणी सोपी जाते.

तरीही खिडकीपेक्षा वाफ्याच्या कोपऱ्यात रोपे करणे मला अधिक पसंत आहे, कारण तिथे ती पहिल्या दिवसापासून वारा-उन्हाला सरावतात. ज्या कोपऱ्यात पाणी साचत नाही तिथे दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सहा इंच उंच असा गादीवाफा करावा. माती चाळून घ्यावी आणि त्यात तिच्या निम्मे गांडूळखत मिसळावे. त्यावर चार-चार इंचांवर तीन रेघा ओढून एकेकीत मिरची, वांगे आणि टोमॅटो यांचे बी एकेक इंचावर, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता पेरावे. दोन फुटांच्या एका रेघेत वीस-बावीस बिया सहज बसतात, म्हणजे तिन्ही रेघा मिळून गरजेपेक्षा जास्तच रोपे देतात. वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवून त्यांवर जाळी पसरावी आणि जोराचा पाऊस आला तर वरून प्लास्टिकचा कागद टाकावा. पाऊस थांबला की तो लगेच काढावा, नाहीतर आत दमट उकाडा होऊन रोपे कुजतात. जुनी मच्छरदाणी कबुतरे आणि चिमण्या अडवते, पण पांढरी माशी तिच्या छिद्रांतून सहज आत शिरते आणि हीच माशी टोमॅटोची पाने आकसवणारा विषाणू पसरवते. त्यामुळे शक्य असल्यास रोपवाटिकेसाठी मिळणारी बारीक विणीची नायलॉन जाळी आणावी. पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत मोठ्या आफ्रिकी गोगलगायी रात्रीतून कोवळी रोपे फस्त करतात. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओले गोणपाट अंथरून ठेवले तर त्या त्याखाली जमतात. सकाळी हातमोजे घालून त्या वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. वाफ्यात मीठ मात्र टाकू नये, त्याने माती बिघडते.

वेळेचा हिशेब असा करावा. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते, पण त्यानंतरही गडगडाटी सरी येतात, म्हणून पुनर्लागवड, म्हणजे रोपे उपटून कायमच्या जागी लावणे, ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात धरावी. मिरची आणि वांग्याच्या रोपांना ३५ ते ४० दिवस लागतात, टोमॅटोला २५ ते ३०. त्यामुळे पहिल्या दोन्हींचे बी सप्टेंबरच्या मध्याला आणि टोमॅटोचे त्यानंतर आठ-दहा दिवसांनी टाकावे, म्हणजे सगळी रोपे एकाच सुमारास तयार होतील. लागवड संध्याकाळी करावी आणि ऑक्टोबरच्या उन्हात पहिले चार-पाच दिवस दुपारी जुन्या सुती साडीची सावली धरावी. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात मेथी पेरून टाकावी.

खिडकीचा उपयोग तुम्ही वेगळ्या पिकासाठी करावा. मुंबईच्या बाजारात मुळांसकट विकली जाणारी, पांढऱ्या देठांची आणि इवल्याशा पानांची समुद्र मेथी तुमच्या ओळखीची असेल. समुद्राकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरून ती लहान असतानाच उपटतात. दोन-तीन इंच खोल ट्रेमध्ये धुतलेली जाड रेती आणि थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेऊन, स्वयंपाकघरातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरली, तर दोन आठवड्यांच्या आसपास तशी भाजी हाती येते. ग्रिलमध्ये ट्रे ठेवताना तो तारेने घट्ट बांधावा, कारण तिसऱ्या मजल्यावरून पडलेली लहानशी वस्तूही खाली चालणाऱ्याचा जीव घेऊ शकते.

रोपे विकत घेण्यात कमीपणा काहीच नाही आणि उशीर झाला तर तोच मार्ग शहाणपणाचा आहे. चार-पाच पानांची, बुटकी, जाड देठाची रोपे निवडावीत. कुंडीतच फूल आलेले रोप कितीही आकर्षक दिसले तरी घेऊ नये, कारण त्याची वाढ तिथेच खुंटलेली असते. पान उलटून पाहावे. खाली पांढरे बारीक किडे उडताना दिसले किंवा मिरचीची पाने बोकड्या रोगाने चुरडलेली दिसली, तर त्या दुकानातून काहीच नेऊ नये.

शेवटी उन्हाबद्दल. आज दिसणारे सहा तासांचे ऊन डिसेंबरात तितकेच राहील असे गृहीत धरू नका. सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो ४८ अंशांच्याही खाली उतरतो आणि तेव्हा १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ ११ मीटर लांब पडते. तुमच्या जागेच्या दक्षिणेला इमारत किंवा उंच भिंत असेल, तर टोमॅटो तिच्यापासून सर्वांत दूरच्या बाजूला लावावेत आणि भिंतीलगत पालक, माठ, कोथिंबीर यांना जागा द्यावी. या पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हावरही समाधानकारक येतात.

प्रश्न : चाळीच्या गॅलरीत आइस्क्रीमच्या डब्यात टोमॅटोचे बी टाकले होते. उगवण उत्तम झाली, पण आठवडाभरात रोपे वीतभर उंच आणि दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडली. काही रोपांचा देठ मातीलगत पिचल्यासारखा काळपट झाला होता. खत कमी पडले का?
— एक वाचक, दादर

उत्तर : खताचा यात संबंध नाही. तुम्ही दोन वेगळे प्रकार सांगितले आहेत आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत. उंच वाढलेली रोपे उजेडाच्या शोधात ताणली गेली आहेत. चाळीच्या गॅलरीला वर छत आणि समोर दुसरी इमारत असल्याने आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा उजेडही रोपांना फार कमी पडतो. बी उगवेपर्यंत डब्यावर ओले कापड किंवा कागद झाकावा. मात्र पहिला कोंब दिसताच, त्याच दिवशी, ते काढून डबा गॅलरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, जास्तीत जास्त आकाश दिसेल अशा जागी ठेवावा. डबा रोज अर्धा फिरवावा. तळहाताने रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून एक-दोनदा हलका हात फिरवला तर वाऱ्याने हलल्यासारखे होऊन देठ जाड होतात. हा उपाय साधा असला तरी चांगला लागू पडतो. ताणलेली टोमॅटोची रोपे टाकून देण्याची गरज नाही. लावताना ती पहिल्या खऱ्या पानांपर्यंत मातीत खोल गाडावीत, कारण टोमॅटोच्या गाडलेल्या देठालाही मुळे फुटतात. वांगी-मिरचीच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नये.

मातीलगत काळा पडलेला देठ हे बुरशीचे काम आहे. सतत ओली माती, दाट पेरणी आणि कोंदट हवा असली की पिथियमसारख्या बुरशी कोवळ्या देठावर हल्ला करतात आणि संध्याकाळी ताठ दिसलेले रोप सकाळी कोलमडलेले असते. असे रोप वाचत नाही. ते भोवतालच्या मातीसकट काढून टाकावे. पुढच्या वेळी डब्याच्या तळाला सात-आठ भोके पाडावीत, बी एकमेकांपासून इंचभर अंतरावर टाकावे, बागेतली माती न वापरता कोकोपीट आणि गांडूळखत समभाग घ्यावे आणि वरचा थर फिकट दिसू लागल्यावरच, शक्यतो सकाळी, पाणी द्यावे. पेरणीपूर्वी या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी मिसळणे उपयुक्त ठरते.

प्रश्न : सोसायटीच्या आवारात वाफ्यासाठी खणायला घेतले, तर वीतभर मातीखाली विटांचे तुकडे, लादी आणि सिमेंटचे डेब्रिज लागले. सगळे उपसून काढावे लागेल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. हाताला लागेल तेवढे मोठे तुकडे, काचा आणि सळ्या काढाव्यात आणि बाकीचे तिथेच राहू द्यावे. सिमेंट-चुन्यामुळे त्या थराचा सामू (पीएच) वाढलेला असतो आणि मुळांना त्यातून लोह नीट घेता येत नाही, म्हणून वाफा खाली खणण्याऐवजी वर उचलावा. विटांची एक फूट उंच कड रचून तळाशी उसाच्या रसवंतीतून आणलेली चिपाडे आणि वाळका पाला यांचा सहा इंचांचा थर पसरावा, तो भिजवून दाबावा, त्यावर थोडे शेण किंवा अर्धवट कुजलेले कंपोस्ट घालावे आणि वर लाल माती व पूर्ण कुजलेले खत समभाग भरावे. जमिनीची माती हाताशी नसतानाही भाजीपाला होतो, हे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीच्या) मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरील बागेने दाखवून दिले आहे. ती बाग स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर उभी राहिली.

चिपाडे कुजत असताना मातीतला नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात, म्हणून अशा नव्या वाफ्यात पहिले दोन महिने मेथी, चवळी, घेवडा अशी, हवेतला नत्र वापरू शकणारी द्विदल पिके थेट पेरावीत. त्या काळात वाफा बराच खाली बसेल. त्यावर पुन्हा चार इंच माती-खत भरून मगच टोमॅटो-वांग्याची रोपे लावावीत.