जुनी ओम्नी गरम झाली की सुरू होत नाही, बॅटरी उतरते, मागून 'टक' वाजतं

तुमची अडचण थोडक्यात अशी: २००१ची कार्बोरेटरवाली ओम्नी सकाळी लगेच सुरू होते, पण अर्धा तास चालवून दहा मिनिटं थांबवली की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारत बसावं लागतं. तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. क्लच सोडताना मागून 'टक' आवाज येतो. प्लग, कॉइल, बॅटरी बदलून झालं. आता आणखी काही विकत घेऊ नका. दीड-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आणा आणि आधी मोजा.

गरम इंजिनाची तक्रार दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय वेगळे. सेल्फ जड, ओढत फिरतो की झपाट्याने फिरतो पण इंजिन पकडत नाही, हे आधी कान देऊन ठरवा.

जड फिरत असेल तर पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हच्या बॉडी-इंजिनशी असलेल्या जोडणीवर. कॉइलची मधली जाड वायर काढून ती बॉडीला टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला; क्लॅम्पला नव्हे, खुंटीलाच. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन-बॉडी किंवा बॉडी-बॅटरी पट्टी गंजली आहे. बोल्ट काढून दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. अर्थिंग फारच खराब असेल तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि ती केबल हाताला गरम लागते. अशी केबल दिसली तर मोजायचीही गरज नाही. याच वेळी बॅटरीवर थेट मीटर लावून बघा: सेल्फ फिरताना ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. अर्थिंग, प्लसची केबल आणि बॅटरी तिन्ही चांगली असूनही गरम झाल्यावरच जड होत असेल, तर सेल्फचे बुश आणि कार्बन ब्रश बघायला लावा.

झपाट्याने फिरूनही पकडत नसेल तर पेट्रोलकडे वळा. ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं असतं. गाडी थांबली की वारा बंद होतो, उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून थेट खाली मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्यात) सांडतं, नाहीतर पंपात आणि नळीत वाफ धरते. पहिल्या बाबतीत पेट्रोल जास्त होतं, दुसऱ्यात ते मिळतच नाही. इंजिन सुरू होत नसतानाच, किल्ली बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडावरचं हवेचं झाकण काढा आणि टॉर्चने आत बघा. जवळ बिडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. आत ओलं, थेंब गळतायत, वास उग्र: फ्लोटची नीडल (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) बसत नाही किंवा वाटीतली पातळी जास्त आहे. कोरडं असेल तर ॲक्सिलरेटरची लिव्हर हाताने ओढा. जेटमधून पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडत नसेल तर वाटी रिकामी आहे. पंपाचा पडदा, फिल्टर आणि टाकीकडून येणारी रबरी नळी तपासा. टाकी आणि पंपाच्या मधल्या नळीला चीर गेली तर तिच्यातून पेट्रोल गळत नाही, उलट हवा ओढते, त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि माणूस फसतो. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाका, क्लिपही नव्या लावा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला उष्णतारोधक जाड ठोकळा तडकलेला असेल किंवा कुणी काढून नुसतं गास्केट लावलं असेल तर तो परत बसवा.

धार नीट आहे आणि तरी पकडत नाही, तर ठिणगी बघा. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघड-मीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) गाडी असेल तर पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी, आणि कंडेन्सर नवा. तो अनेकदा गरम झाल्यावर दगा देतो. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. तोवर रस्त्यात अडकलात तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पंपासारखा वर-खाली करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ३५ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी, ०.४ अँपिअरची गळती, म्हणजे दिवसाला जवळपास १० एएच, तीन दिवसांत खल्लास. गाडी बंद, दारं बंद, निगेटिव्ह क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि खुंटीच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. या अवस्थेत किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्या फ्यूजला कोसळला, गळती त्या लाइनवर. बहुतेक वेळा नंतर बसवलेला गाण्यांचा टेप सापडतो. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर बॅटरी सोडवून डायनॅमोची (अल्टरनेटरची) जाड वायर काढा, तिला इन्सुलेशन टेप गुंडाळा, बॅटरीला मीटर पुन्हा तसाच जोडा आणि परत मोजा. आकडा पडला तर डायोड गेलेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. हेडलाइट मंद असतील म्हणून १०० वॉटचे बल्ब मात्र टाकू नका, स्विच आणि वायरिंग वितळतं. त्यापेक्षा ६०/५५ वॉटचेच बल्ब ठेवून दोन रिले (मूळ स्विचवरचा भार उचलणारे वेगळे स्विच) आणि बॅटरीकडून फ्यूज लावलेली वेगळी वायर घाला.

'टक' आवाजाला बहुधा प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा वळणारा सांधा, जबाबदार असतो. चाकांना दगड लावा, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक सोडून खाली जा आणि शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळा. क्रॉसमध्ये किंचितही ढिलाई किंवा लालसर गंजाची पूड दिसली तर तो बदला. शाफ्ट काढण्याआधी डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या) फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, आणि शाफ्टवर खूण करा आणि तसाच परत जोडा, नाहीतर ५०-६०च्या वेगाला नवा थरथराट सुरू होईल.