दुकानासमोरचा रस्ता खोदलाय, काम लांबणार असं दिसतंय. धंद्यावर किती परिणाम होईल? आत्ताच काय करून ठेवावं?

माझं सोलापुरात पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान आहे. आमच्या समोरचं काम पावसाळ्याआधी उरकणार होतं, ते संक्रांत ओलांडून गेलं. त्यामुळे जे सोसलं तेच सांगतो.

पहिल्या महिन्यात रोजचा गल्ला निम्म्यावर येतो, पण खरं नुकसान ते नाही. आपल्याकडे अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूर, पलीकडे कर्नाटकातल्या इंडीपासून लोक बस्ता बांधायला येतात. जीप लावायला जागा नाही म्हटलं की ते दुसऱ्या पेठेत वळतात. एका घरानं थोरल्या मुलीचा बस्ता तिकडे बांधला की धाकटीचाही तिकडेच. रस्ता झाल्यावर वाटसरू गिऱ्हाईक परत येतं, हे बस्त्याचं गिऱ्हाईक येत नाही. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना आत्ताच फोन करा, गाडी कुठे लावायची ते सांगा, जमलं तर माल घरपोच द्या.

धुळीचं कुणी धरत नाही. पांढरा टॉवेल दोन दिवस बाहेर टांगला की मातकट होतो, मग पडेल भावात काढावा लागतो. टेम्पो आत येत नाही, गठ्ठे चौकातून हातगाडीवर आणायचे, त्याची हमाली वेगळी. दारातल्या चरावर टाकलेल्या फळीवरून म्हाताऱ्या बायका चढायलाच तयार होत नाहीत. तेवढी एक फळी रुंद आणि कठड्याची करून घ्या, वर्गणी काढावी लागली तरी.

काम लांबतं त्यामागे नुसता आळस नसतो. खाली जुनी पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल, कुठे काय आहे हे खणल्यावरच कळतं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे पाइप फुटला तरी पाणी सुटेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि बुजवलेलं पुन्हा उकरतात. काँक्रीट टाकल्यावर गोणपाट अंथरून किमान 14 दिवस पाणी मारावं लागतं, पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरतात. यात घाई करायला लावू नका, रस्ता आपल्याच दारात उखडेल. भांडायचं ते वेगळ्या गोष्टींसाठी: एका वेळी निम्माच रस्ता खोदा, आडव्या बोळांची तोंडं मोकळी ठेवा, आणि दिवाळी, लगीनसराई, सिद्धेश्वरांची यात्रा या दिवसांत नवा खड्डा नको. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे याच यात्रेच्या जत्रेला येणारं गाव होम मैदानावरून पेठेत उतरतं, ते गेलं तर वर्षाचा हिशेब बसत नाही. तोंडी आश्वासनावर राहू नका. सगळ्या दुकानदारांनी मिळून 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, मुदत, मुदतवाढ आणि दंडाचं कलम मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तारीख हातात आली की बोलण्याला वजन येतं.

भरपाईची आशा धरू नका. जागा संपादित झाली तर मोबदला आहे, पण बुडालेल्या विक्रीसाठी सहसा कुणी काही देत नाही. त्यामुळे कर्ज असेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. थकबाकी 90 दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक कर्ज ठरतं, मग मॅनेजरच्याही हातात फारसं राहत नाही. गेल्या वर्षीचे आणि यंदाचे जीएसटी रिटर्न शेजारी शेजारी ठेवून दाखवा, सोबत रस्त्याचे तारखेसह फोटो. घरमालकाशीही भाडं थोडं कमी करण्याबद्दल बोला. दुकान रिकामं पडण्यापेक्षा बरेच जण ते मानतात.

माझा जीव तुटतो तो हातगाडीवाल्यांसाठी. आमच्या कोपऱ्यावर शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणारी मावशी होती. तिच्याकडे रिटर्न नाहीत, गोदाम नाही, नुकसान दाखवायचं कशानं? 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं अशा लोकांना हक्क दिलेत, पण काम सुरू झालं की त्यांना आधी उठवतात आणि पर्यायी जागेचं कुणी बोलत नाही. तुमच्या अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या, आणि काम चालू असेपर्यंत त्यांनी कुठे बसायचं हा प्रश्न त्यातच लिहून विचारा.