वाटाड्यासोबतची पहिली डोंगरसफर ठरवताय?

माहितीपत्रकात '१० किमी' वाचून हुरळून जाऊ नका. डोंगरात अंतरापेक्षा चढ दमवतो. सपाटीला ताशी ५ किमी धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. म्हणजे १० किमी नि ९०० मीटर चढ झाला साडेतीन तासांचा, तोही विश्रांती न धरता. म्हणून वाटाड्याला आधी एकूण चढ विचारा, आणि परत फिरायची वेळही. ती झाली की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे वळायचं. उन्हाळ्यात दुपारी ढग दाटतात आणि उघड्या धारेवर विजेपासून आडोसा नसतो.

बूट नवे असतील तर आधी दोन-तीन आठवडे रोज घाला. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. सगळे पुढे गेले म्हणून रेटलंत तर फोड ठरलेला. पायाची नखं कापा (हे कुणी सांगत नाही), नाहीतर उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडतात. सुती बनियन घरीच ठेवा. ते घामाने ओलं राहतं आणि थांबताच हुडहुडी भरते.

अनेक दिवसांची सफर असेल तर ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. उंचीवरच्या विरळ हवेने होणारी डोकेदुखी, मळमळ लपवू नका. वाढत गेली तर सरळ खाली उतरा.